फिलूटीचर आणि नळीची थरथर

फिलूटीचर टिचकी मारल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवत नसत. फणस, माठ, बाकाची फळी, खिडकीचा गज, काहीही असो. बोट वाकवून टकटक करायचं, मान कलती करायची आणि आवाज विरेपर्यंत थांबायचं. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्याला टिचकी मारली आणि म्हणाल्या, "अर्धो रिकामो आसा. जेवतास की नाय, बाई?"

डबा खरंच अर्धा होता. घर नवीन, गाव नवीन, सकाळची घाई. नवऱ्याची बदली ओरोसला झाली म्हणून आम्ही घाटावरून इथे आलो होतो आणि मला कसालजवळच्या हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. फिलोमिना टीचर तिथे विज्ञान शिकवत. सगळं गाव त्यांना फिलूटीचर म्हणे. वर्गात आणि सरकारी कचेरीत त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, रागावल्या की इंग्रजी, आणि माणूस आवडला की मालवणी. माझ्याशी त्या पहिल्याच दिवशी मालवणीत बोलल्या होत्या. त्याचा अर्थ मला पुढे कळला आणि तेव्हा बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आता त्या नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की आमच्या स्टाफरूममध्ये अजून कोणीतरी हसायला लागतं, आणि मग प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. मला सांगायचं आहे ते त्यांच्या रायफलींबद्दल.

मध्यम उंची, पांढरे झालेले आखूड केस, पोटरीपर्यंत येणारा फुलाफुलांचा फ्रॉक आणि पायात पुरुषी सॅंडल, अशी ही बाई दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की व्हायोलिनची पेटी घरी ठेवायची आणि नेमबाजी शिकवायला जायची. कॉलेजात असताना त्या स्वतः उत्तम नेमबाज होत्या. त्या काळातलं एक पदक त्यांच्या घरी होतं, पण ते खिडकीचा पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्याला बांधलेलं. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "वजन बरां आसा तेचां."

कसालच्या वरच्या अंगाला चिऱ्याची एक जुनी खाण आहे. चिरे काढून झाल्यावर तिन्ही बाजूंना उभ्या तांबड्या भिंती राहिल्या, चौथी बाजू उताराकडे उघडी, त्यामुळे पावसाचं पाणी थांबत नाही. जिल्ह्यातल्या रायफल क्लबने ती जागा घेतली, उघड्या बाजूला पत्र्याची शेड घातली आणि समोरच्या भिंतीपाशी टार्गेटं लावली. शाळाकॉलेजातल्या मुलांना शिकवायचं काम टीचरांकडे. मुलं असतील तेव्हा दोन मोठी माणसं हजर हवीत असा क्लबचा नियम होता. दुसरं मोठं माणूस म्हणून त्यांनी मला धरलं.

"माका बंदुकीतला काय कळता, टीचर?" मी त्यांच्याच भाषेत म्हणायचा प्रयत्न केला.

"तुमका काय कळूचा नाय. तुमी नुसत्या बसा. पेपर तपासा."

म्हणून पुढची कितीतरी वर्षं मी रविवारी त्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, कानात कापूस घालून, निबंध तपासले.

तिथे टीचर अंगात एक जाकीट घालत. त्यांच्या मालवणच्या चुलतभावाच्या होडीचं जुनं शीड फाटलं, तेव्हा त्या जाड कापडातून त्यांनी ते स्वतः शिवलं होतं. उन्हात त्याला सुक्या मासळीचा वास सुटे. मुलं कुजबुजत, पण कोणी बोलत नसे, कारण त्या जाकिटातली बाई जमिनीवर पालथी पडून एकदा नेम धरू लागली की तिच्या पाठीवर बसलेली माशीसुद्धा उडत नसे.

त्यांचा सगळा ध्यास एका गोष्टीचा होता. लोकांना वाटतं, नेम चुकतो तो हात हलल्यामुळे किंवा डोळा चुकल्यामुळे. टीचर म्हणत, ते खरंच, पण तेवढंच नाही. गोळी सुटते त्या क्षणी बंदुकीची लोखंडी नळीसुद्धा थरथरते. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही, पण गोळी आतून धावत असताना नळीचं तोंड वरखाली होत असतं आणि ते जिथे असेल तिकडे गोळी जाते.

"सगळा हलता," त्या म्हणत. "माणूस हलता, बंदूक हलता. हलणा थांबूचा नाय. कसा हलता तां वळखूचा."

श्वासाबद्दल त्यांची एक कायमची तक्रार होती. "देवान माणसाक श्वास दिल्यान, थंयच नेमबाजीचो घोटाळो झालो." हे त्यांनी आमच्या फादरांनाही ऐकवलं होतं, आणि फादर हसले होते. फादरांना त्यांची सवय होती. एका मे महिन्यात चर्चमधल्या नव्या पंख्याची घरघर व्हायोलिनच्या तारेच्या सुरात लुडबुड करते म्हणून टीचरांनी गायन चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवायला लावला होता. माणसं घामाने निथळत उभी होती आणि टीचर डोळे मिटून वाजवत होत्या. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ रुमाल पिळत म्हणाले, "फिलू, वाजयलंस बरां. पण आज माका नरकाची कल्पना इली." टीचरांनी त्यांना पुढच्या रविवारी पंख्याखालची जागा धरून ठेवली.

नळीच्या थरथरीचा धडा त्या नववीच्या वर्गातही शिकवत. तो अभ्यासक्रमात नव्हता. टेबलाच्या कडेला एक लांब हीर, म्हणजे माडाच्या झावळीच्या पातीतली काडी, घट्ट दाबून धरायची, तिच्या मोकळ्या टोकावर निळी शाई लावायची, टोक खाली वाकवायचं आणि सोडायचं. एकदा हा प्रयोग ऐन रंगात असताना नवे मुख्याध्यापक वर्ग पाहायला आले आणि नेमके टेबलाशेजारी उभे राहिले. हीर सुटली. सरांच्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून कॉलरपर्यंत निळे थेंब उठले.

"सर, कृपया हलू नका," टीचर पुस्तकी मराठीत म्हणाल्या, आणि मुलांना त्यांनी शर्ट दाखवला. "पाहा. टोक किती उंच गेलं ते सरांमुळे आपल्याला समजलं."

मग त्यांनी हीर पुन्हा वाकवून सोडली. मी दारातून पाहत होते. मधल्या भागात नुसता धूसर पंखा दिसत होता, पण वर एक आणि खाली एक अशा दोन हिरा अगदी स्पष्ट. टीचर म्हणाल्या, "वर पोचली की ती क्षणभर थबकते. खाली पोचली की पुन्हा थबकते. मधे मात्र पळत असते. आता समजा ही बंदुकीची नळी आहे. ती पळत असताना गोळी बाहेर पडली, तर एक गोळी जरा वर, दुसरी जरा खाली. ती थबकलेली असताना बाहेर पडली, तर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी. चांगली बंदूक म्हणजे न हलणारी नव्हे. गोळीला योग्य वेळी दार उघडणारी."

मुख्याध्यापक शर्टाकडे पाहत म्हणाले, "आणि ती वेळ साधायची कशी?" रागावायचं ते विसरलेच होते.

टीचर खूश झाल्या. नळीच्या टोकाला एक छोटं कडं बसवतात, ते केसभर पुढेमागे सरकवलं की नळीची थरथर बदलते, असं त्यांनी सांगितलं. आणि नळी लाकडाला टेकता कामा नये. बंदुकीचा लाकडी दस्ता नळीच्या खालून जातो, पण दोघांत कागदाइतकी तरी फट हवी. नळी मोकळी असेल तर दर वेळी सारखीच थरथरते. कुठे टेकली की तिची थरथर बिघडते, आणि मग भरवसा उरत नाही. सरांनी पुढे तो शर्ट कधी घातला नाही, पण क्लबच्या शेडवरच्या नव्या पत्र्यांसाठी शिफारस त्यांनीच केली.

सुचिता परब अकरावीत असताना क्लबात आली. आंबोलीकडच्या शेतकरी घरातली, शिक्षणासाठी कसालला मावशीकडे राहायची. शांत मुलगी. बाकीची पोरं गोळी सुटली की टार्गेटकडे बघायला धडपडत. ही डोळा तसाच ठेवून पडून राही, श्वास सोडी आणि मग सावकाश मान उचले. टीचरांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन सांगितलं, "बाई, ह्या चेडवाक घाई म्हायत नाय." कुठल्याही मुलीची त्यांच्या तोंडून इतकी मोठी स्तुती मी आधी ऐकली नव्हती.

उन्हाळ्यात सुचिताच्या गोळ्या टार्गेटवर असा झुबका करत की एक रुपयाचं नाणं ठेवलं तर सगळ्या झाकल्या जाव्यात. पावसाळ्यानंतर पुण्याला राज्याची निवड होणार होती आणि तिचं नाव जाणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मग पाऊस सुरू झाला, आणि तिचा झुबका फुटला. एक गोळी मधे, दुसरी वर उजवीकडे, तिसरी भलतीच. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

विभागाचे एक प्रशिक्षक पाहणीला आले होते. त्यांनी टार्गेटं बघितली आणि माझ्या खुर्चीपाशीच टीचरांना म्हणाले, "स्पर्धा जवळ आली की काही मुलं कोसळतात. मनाचा प्रश्न आहे. दुसरं नाव बघून ठेवा." सुचिता शेडच्या खांबाशी उभी होती. तिला ऐकू गेलं.

टीचर चिडल्या, आणि "तुझो हात हलता" म्हणत तो राग त्यांनी सुचिताच्या सरावावर काढला. रिकाम्या बंदुकीच्या नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा, हा त्यांचा जुना व्यायाम. सुचिता तासतास ते करी. नाणं पडत नसे.

"टीचर," ती एकदा म्हणाली, "नाणां पडणा नाय. मगे माझो हात हलता कसो?"

"नाणां काय सांगता तां सोड. गोळी खोटा बोलणा नाय."

"पण माझो हात हलणा नाय."

"सगळे असाच सांगतत, गो."

सुचिताने नाणं उचलून टीचरांच्या हातात दिलं, बंदूक जागेवर ठेवली आणि छत्री उघडून खाणीच्या वाटेने खाली निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. मावशीकडे विचारलं तर मावशी म्हणाली, "गावाक गेली. म्हणता, नेमबाजी पुरे. बापूस तिका शिवणाच्या क्लासाक घालूचो आसा."

त्या रविवारी धो धो पाऊस होता. पत्र्यावर इतका आवाज की टीचर ओरडून शिकवत होत्या. पोरांचं लक्ष नाही म्हणून त्या वैतागल्या, "बाजूक सरा, मी दाखयतंय," म्हणाल्या, शिडाचं जाकीट घालून पालथ्या पडल्या आणि हाताला आली ती रायफल उचलली. ती सुचिता वापरायची ती होती. त्यांनी शांतपणे गोळ्या मारल्या. टार्गेट आणलं. एक गोळी मधे, एक वर उजवीकडे, एक भलतीच.

टीचरांनी बंदूक रिकामी आहे ना ते तपासलं, ती उभी धरली आणि नळीला टिचकी मारली. त्या दर वेळी ऐकत ती टिणकन उठणारी, लांबत जाणारी घंटी आली नाही. ओल्या लाकडावर मारल्यासारखा टप्प आवाज झाला.

"बाई, एक कागद देवा."

मी पुरवणीचा कोरा कागद दिला. त्यांनी त्याची पट्टी फाडली आणि नळी व लाकडाच्या फटीत सरकवली. उन्हाळ्यात अशी पट्टी नळीखालून अलगद पार जायची. आता ती अर्ध्यावर अडकली. ओढून बघितली, फाटली. दोन महिन्यांचा पाऊस पिऊन दस्त्याचं लाकूड फुगलं होतं आणि आतल्या अंगाने नळीला टेकलं होतं.

टीचर तशाच जमिनीवर बसल्या. फ्रॉक चिखलात गेला त्याचंही भान नव्हतं. "दर जूनात मी वायोलिनच्या पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेयतंय," त्या म्हणाल्या. "लाकूड फुगता म्हणान. म्हायत होता माका. आणि हय चेडवाक दोष देत बसलंय."

मी म्हटलं, "आता कळलं ना. निरोप धाडू तिला."

"निरोप नको. मी तिका तोंडार खोटी पाडलंय. सांगूचा तर तोंडारच सांगूक व्होया."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रजा टाकून निघालो. कसालहून सावंतवाडी, तिथून आंबोलीची बस. घाटात इतकं धुकं की ड्रायव्हर काचेला नाक लावून चालवत होता. टीचरांनी सगळा रस्ता एक शब्द काढला नाही. शाळेत बारा तास बोलणारी बाई गप्प बसली की शेजारच्याला दडपण येतं. वर पोचल्यावर एका टपरीवर आम्ही चहा घेतला. टपरीवाल्याला परबांचं घर विचारलं, आणि वाऱ्याने उलट्या होणाऱ्या छत्र्या सावरत शेतांच्या बांधावरून निघालो.

सुचिताचे वडील पडवीत इरलं झटकत होते. आम्हाला बघून त्यांना काही सुचेना. शाळेतल्या बायका एवढ्या पावसात घरी आल्या म्हणजे मुलीने काहीतरी केलं असणार, असं त्यांना वाटलं असावं.

"काय झाला, टीचर? तिणा काय मोडल्यान?"

"तिणा काय करूक नाय. मी केलंय," टीचर म्हणाल्या. "तिका बोलवा."

सुचिता ओल्या हातांनी आतून आली. दाराशीच थांबली. टीचरांना बसायला पाट दिला होता, त्या बसल्या नाहीत. भिजलेल्या फ्रॉकमधून पडवीत पाणी ठिबकत होतं.

"तुझो हात हलूक नाय," त्या म्हणाल्या. "लाकूड फुगान नळयेक लागलां हा. काल मी मारल्यंय तर माझ्याव गोळये तसेच गेले. तू बरोबर होतंस, आणि मी चुकलंय."

सुचिताने ओले हात पुसले. मग म्हणाली, "मी सांगलंय होता तुमका."

"सांगलंस. मी ऐकूक नाय."

वडिलांनी एकदा मुलीकडे, एकदा टीचरांकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या चेडवाचो दोष नाय?"

"नाय."

"तां तुमी थंय सगळ्यांका सांगशात? ते पुण्याचे सायब की कोण इलेले, तेंकाव?"

"सगळ्यांका सांगतलंय. तेंका आजच."

वडिलांनी इरलं खुंटीला अडकवलं. मला वाटलं आता आपण निघावं, आणि मी छत्री हातात घेतलीच होती. तेवढ्यात सुचिताने विचारलं, "मगे आता ती बरी कशी करूची?"

टीचरांचा चेहरा असा काही उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्या त्याच क्षणी पाटावर बसल्या आणि पुढचा अर्धा तास दोघी लाकूड, घासकागद आणि तेल यांबद्दल बोलत राहिल्या. सुचिताच्या आईने आम्हाला गरम पेज आणि भाजलेले काजू दिले. निघताना टीचरांनी हात जोडून "देव बरें करूं" म्हणत आभार मानले, आणि वडील आम्हाला बसपर्यंत सोडायला आले.

शब्द त्यांनी पाळला. प्रशिक्षकांना त्याच संध्याकाळी फोन केला, आणि पुढच्या रविवारी सगळ्या पोरांना उभं करून आपली चूक सांगितली, पाठ केल्यासारखी, पुस्तकी मराठीत. मग दस्ता उघडला. लाकडात नळी बसण्यासाठी जी खाच असते ती घासायचं काम सुचिताने स्वतः केलं. बांबूच्या काठीला घासकागद गुंडाळून ती हळूहळू घासत होती, टीचर शेजारी कागदाची पट्टी धरून बसलेल्या. पट्टी सरकन पार गेली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घासलेल्या लाकडाला तेल चोपडलं. नंतरच्या रविवारी नळीवरचं कडं केसभर इकडे, केसभर तिकडे करत त्यांनी गोळ्यांचा झुबका पुन्हा जुळवला. त्या दिवसापासून क्लबात रीत पडली. कोणाचे नेम चुकू लागले तर आधी बंदूक तपासायची, मग पोराला बोलायचं.

पुण्याला मीही गेले होते. स्पर्धेच्या मधेच सुचिताची एक गोळी बाहेर गेली. ती उठून रडेल, मागे वळून टीचरांकडे बघेल, असं मला वाटलं. तिने बंदूक रिकामी केली, खिशातून कागदाची पट्टी काढली, नळीखालून फिरवली. पार गेली. म्हणजे चूक आपली, एवढं तिने मनाशी मान्य केलं असावं. पट्टी खिशात टाकून ती पुन्हा पडली आणि शेवटपर्यंत एकही गोळी बाहेर गेली नाही. पदक मिळालं नाही, पण राज्याच्या संघात नाव लागलं. टीचर त्या वेळी प्रेक्षकांच्या स्टॅंडच्या मागे एका फेरीवाल्याशी शेंगदाणे खारवण्यावरून हुज्जत घालत होत्या. मी निकाल सांगायला धावत गेले तर म्हणाल्या, "माका म्हायत होता. दाणे खातास?" आणि पुडी माझ्या हातात देऊन चष्मा पुसायला लागल्या.

पुढे सुचिताला खेळाडू म्हणून पोलिसात नोकरी लागली आणि काही वर्षांनी ती ओरोसला आली. टीचर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे गेले होते, खाणीचा चढ चढवत नसे. सुचिता आपल्या स्कूटरवरून त्यांना दर रविवारी वर आणी. हळूहळू शिकवायचं काम तिच्याकडे गेलं. टीचर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत आणि ओरडून सूचना देत. मग सूचना कमी झाल्या. मग नुसत्याच बसू लागल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तो थंडीतला एक रविवार होता. नाताळ जवळ आला होता, टीचरांनी आदल्या दिवशी केलेलं दोदोल, म्हणजे नारळाच्या रसातली गुळाची वडी, डब्यातून आणलं होतं आणि पोरांनी ते आल्या आल्या संपवलं होतं. ऊन कोवळं होतं. मी निबंध तपासत होते. शेजारून काही आवाज येईना म्हणून पाहिलं तर टीचर खुर्चीत गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. समोर पोरं ओळीने पालथी पडून नेम धरत होती.

सुचिताने मागे वळून त्यांना पाहिलं. ओठांवर बोट ठेवून ती पोरांपाशी वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "टीचर निजल्यात. गडबड नको."

पोरांनी माना हलवल्या. मग ती सरळ उभी राहिली आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "फायर."

सगळ्या बंदुका एकदम वाजल्या. खाणीच्या तिन्ही भिंती घुमल्या, शेडच्या पत्र्यावरून कावळे उडाले. टीचरांनी झोपेतच पाय जरा लांब केले.